बसलेल्या गाडीचे निदान: तळोजा–पनवेल पट्ट्यातील धाव, पाटे आणि हवा

वाहनाचा सांगाडा आणि त्याचे चाक यांच्यामध्ये काय असावे, या साध्या प्रश्नाला तळोजा–पनवेल पट्ट्यात गेल्या दोन शतकांत तीन उत्तरे मिळाली. मालवाहू बैलगाडीच्या काळात त्या दोहोंमध्ये काहीच नव्हते. मोटारी आणि ट्रक आले तसे पोलादाचे पाटे आले. आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून काही वाहनांत पाट्यांची जागा रबरी पिशवीत कोंडलेल्या हवेने घेतली. या बदलाकडे सहसा प्रवासाच्या सुखाचा इतिहास म्हणून पाहिले जाते. दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर मात्र तो बिघाड ओळखण्याच्या विद्येचा इतिहास ठरतो, कारण भार पेलणारी वस्तू बदलत गेली तशी ती निकामी झाल्याची खूणही बदलत गेली, आणि ही खूण उत्तरोत्तर प्रत्यक्ष बिघाडाच्या जागेपासून दूर सरकली. मराठीतले एक क्रियापद या सगळ्या प्रवासात टिकून राहिले, ते म्हणजे ‘बसणे’. चाकावर धाव बसवली जात असे, वापराने पाटे बसत, आणि आता रात्रीतून गाडीच बसते.

कासाडी नदीच्या काठचे तळोजे आज नवी मुंबईत गणले जात असले, तरी त्याचे जुने नाते मुंबईपेक्षा पनवेलच्या बाजारपेठेशी आणि खाडीच्या बंदराशी होते. सह्याद्रीतून देशावर जाणारा बोरघाट १८३० मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, चाकाच्या वाहनांना खुला झाला, आणि तोवर वंजारी तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून होणारी वाहतूक हळूहळू गाड्यांवर आली. या बदलाचा मोठा लाभ पनवेलच्या सुतार-लोहारांना झाला. एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरमध्ये पनवेलचा प्रमुख धंदा म्हणून गाड्यांच्या चाकांचा उल्लेख येतो, आणि कापूस किंवा धान्य घेऊन घाट उतरलेल्या देशावरच्या गाड्या परतताना मिठाबरोबर पनवेलच्या चाकांची जोडीही घेऊन जात, असे त्यावरून दिसते. रेल्वेने १८६३ मध्ये बोरघाट ओलांडल्यावर या रस्त्याचे महत्त्व घटले, पण चाकांचे कसब लगेच नाहीसे झाले नाही.

या गाड्यांना स्प्रिंग नव्हती. कणा, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, गाडीच्या साटीखाली घट्ट बांधलेला असे, आणि दगडावरून चाक उचलले गेले की तो धक्का लाकूड, दोर आणि बैलांच्या मानेवरील जू यांनी आपापसांत वाटून घ्यायचा, अशी एकूण व्यवस्था होती. चाकाचे लाकूड झिजू नये म्हणून त्याच्या परिघावर लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, तापवून चढवली जाई आणि लगेच पाणी ओतून ती आकसवली जाई. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की ही धाव सैल पडे, आणि गाडीवान चाक ओढ्यात भिजत ठेवून लाकूड पुन्हा फुगवून घेत. येथे बिघाड, त्याची खूण आणि त्यावरचा उपाय या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, हाताच्या अंतरावर होत्या: धाव सैल झाली की ती खडखडे, जी खडखडे तीच दुरुस्त करायची असे, आणि त्यासाठी वेगळ्या निदानाची गरजच पडत नसे.

पोलादी पट्ट्या एकमेकींवर रचून त्यांची कमान करण्याची कल्पना युरोपातील घोडागाड्यांत रुळलेली होती, आणि इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट याने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतल्यानंतर ती हलक्या बग्ग्यांपर्यंत पोहोचली. मुंबईच्या रस्त्यांवरचे शिग्राम, व्हिक्टोरिया आणि टांगे यांच्याखाली अशाच कमानी होत्या. मराठीत या जुडग्याला ‘कमान’ आणि त्यातील प्रत्येक पट्टीला ‘पाटा’ हे शब्द रूढ झाले, आणि मोटारींचा काळ आल्यावरही कारागिरांनी ते सोडले नाहीत. पाट्यांच्या जुडग्याचे वैशिष्ट्य असे की, ते एकाच वेळी तीन कामे करते. ते भार पेलते, कण्याला पुढे-मागे सरकू न देता जागी धरून ठेवते, आणि पट्ट्या एकमेकींवर घासल्यामुळे उसळी काही प्रमाणात शमवते. इतक्या कमी सामानात इतकी कामे करणारी दुसरी रचना मोटारीत क्वचितच सापडेल, आणि म्हणूनच ट्रकवाल्यांनी ती अद्याप टाकलेली नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोच्या जमशेदपूर कारखान्यातून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनलेले ट्रक बाहेर पडू लागले. या दोन्ही वाहनांचा भार पाट्यांवरच होता. तळोजा परिसराचे रूपही याच पिढीत पालटले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये सिडको आली, पुढे तळोज्याच्या भातजमिनींवर रसायने, खते आणि धातूंची औद्योगिक वसाहत उभी राहिली, मुंबईच्या बंदराजवळचा लोखंडबाजार कळंबोलीला हलला, आणि १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर मुंब्रा–पनवेल रस्ता अवजड वाहनांनी भरून गेला. जिथे इतके ट्रक थांबतात तिथे पाट्यांचे काम करणारे येणारच, आणि जॅक, घण, यू-बोल्ट व जुन्या पाट्यांचा ढीग एवढ्या भांडवलावर चालणारी ही दुकाने कळंबोली–तळोजा पट्ट्याच्या रस्त्यांची जणू ओळख बनली.

पाटेवाल्याच्या निदानविद्येकडे अडाणी कसब म्हणून पाहण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून ती कोणत्या बाजूला झुकते हे तो प्रथम पाहतो. मग ‘पाटा तुटला’ आणि ‘पाटे बसले’ या दोन अवस्थांमध्ये तो भेद करतो. पहिलीत एखादी पट्टी थकव्याने भंगलेली असते, तर दुसरीत सर्व पट्ट्या शाबूत असूनही वर्षानुवर्षांच्या जादा भाराने त्यांची कमान सपाट झालेली असते. भंगलेल्या पट्टीच्या छेदावर बहुधा दोन रंग दिसतात: जुन्या, सावकाश वाढलेल्या तड्याचा गंजून काळवंडलेला भाग, आणि अखेरच्या धक्क्याने तुटलेला ताजा, चकचकीत भाग. या दोहोंचे प्रमाण पाहून तडा किती काळ आत वाढत होता आणि उरलेला किती भाग एकट्याने भार ओढत होता, हे अनुभवी माणूस सांगू शकतो. जुडग्याला मधोमध बांधणारा सेंटर बोल्ट तुटला असेल, तर कणा किंचित सरकतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालताना दिसते. येथे खूण बिघाडापासून थोडी दूर गेलेली असली, तरी मागून चालणाऱ्याच्याही नजरेत भरते. बसलेल्या पाट्यांना घणाने ठोकून पुन्हा कमान देण्याची पद्धत आहे, आणि ती कमान किती दिवस टिकेल हे सिलिकॉन-मँगॅनीज पोलादाला मूळ कारखान्यात दिलेल्या पाण्यावर, म्हणजे तापवून तेलात विझवण्याच्या आणि पुन्हा मंद तापवण्याच्या प्रक्रियेवर अवलंबून असते.

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी वाहने, म्हणजे ज्यांना बोलीत ‘फोर बाय फोर’ म्हणतात ती, दीर्घकाळ याच पाट्यांवर चालली. विलीज जीप, जबलपूरच्या आयुध कारखान्यात लष्करासाठी बनणारी जोंगा आणि १९८५ पासूनची मारुती जिप्सी या तिन्ही पाट्यांच्याच. ब्रिटनमध्ये १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरने या वर्गात गुंडाळी स्प्रिंग रुळवली, आणि १९९२ मध्ये त्याच घराण्याने विद्युत-नियंत्रित हवेचे सस्पेन्शन आणले. हवेच्या स्प्रिंगची कल्पना मात्र नवी नव्हती. अमेरिकेत १९०१ मध्येच तिचे पेटंट दिले गेले होते, १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोरॅडो ब्रॉअममध्ये ती चारही चाकांना बसवली गेली होती, आणि ती इतकी गळत असे की अनेक मालकांनी ती काढून तिच्या जागी पोलादी गुंडाळ्या बसवून घेतल्या. चाळीस-पन्नास वर्षांनी रेंज रोव्हरच्या मालकांनीही हेच केले, ही गोष्ट पुढे येणारच आहे.

सर्वसामान्य प्रवाशाला हवेच्या सस्पेन्शनची ओळख चैनीच्या मोटारीने नव्हे, तर बसने करून दिली. २००१ मध्ये व्होल्वोची बी-७-आर बस भारतात आली, २००२ मध्ये कळंबोलीहून निघणारा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि या दोहोंच्या संगमाने प्रवाशांच्या अपेक्षाच बदलल्या. २००७ पासून मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर धावू लागलेल्या नव्या गाड्यांतही डब्याचा भार हवेच्या स्प्रिंगवर तोललेला आहे. बसच्या दुरुस्तीत या रबरी पिशवीला ‘बेलो’ म्हणतात, काही जण ‘बलून’ही म्हणतात. लोहाराच्या भात्याला इंग्रजीत जे नाव आहे तेच अशा रीतीने गॅरेजमध्ये परतले. लोहाराचे काम जिने संपवले तिला त्याच्याच भात्याचे नाव मिळाले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

परदेशी बनावटीची जुनी फोर बाय फोर या परिसरात दिसू लागण्यामागे धोरणाचाही हात होता. २००१ मध्ये वाहनांच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठल्यावर वापरलेली मोटार आणण्यास परवानगी मिळाली, पण ती तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे सुकाणू उजव्या बाजूस असावे आणि ती केवळ मुंबईच्या बंदरातून उतरावी, अशा अटी घातल्या गेल्या. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या फोर्डकडून विकत घेतल्या, आणि २०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हरच्या फ्रीलँडर-२ ची जुळणी सुरू झाली. अशा गाड्यांचा पहिला मालक कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत जातो. दुसरा आणि तिसरा मालक मात्र हमीची मुदत संपल्यावर स्वतंत्र मिस्त्रीकडे वळतो. खासगी वाहनाच्या नोंदणीची पंधरा वर्षे सरली की योग्यता तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि नेमक्या याच वयात हवेच्या सस्पेन्शनचे रबर, वायसरे आणि कॉम्प्रेसर एकामागून एक थकू लागतात. ज्या पट्ट्यात बस आणि ट्रक यांच्या बेलोंची कामे रोजची आहेत, तेथे हे ज्ञान मोटारींकडेही वळणे स्वाभाविक होते.

या यंत्रणेचे निदान समजून घ्यायचे तर तिची रचना थोडी पाहावी लागते. १९९४ ते २००१ या काळात बनलेली, पी-३८ए या संकेतनावाने ओळखली जाणारी रेंज रोव्हर हे त्याचे चांगले उदाहरण आहे. विजेवर चालणारा एक लहान कॉम्प्रेसर हवा दाबतो. ती ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीतून, म्हणजे ड्रायरमधून, जाते आणि एका पोलादी टाकीत सुमारे १० बार दाबाने साठते. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ ते २.५ बार दाब असतो, हे लक्षात घेतले तर या आकड्याचा अर्थ कळतो. टाकीतील हवा एका व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये येते, जेथे प्रत्येक चाकासाठी एक विद्युत-झडप आणि हवा आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या आणखी झडपा असतात. तेथून नायलॉनच्या बारीक नळ्या चार बेलोंपर्यंत जातात. प्रत्येक चाकापाशी एक उंचीमापक सेन्सर असतो, जो गाडीचा तो कोपरा किती वर आहे हे विजेच्या भाषेत संगणकाला कळवतो, आणि संगणक त्यानुसार झडपा उघडतो किंवा मिटतो. चढ-उताराला सोपे जावे म्हणून खाली, महामार्गावर किंचित खाली, खडकाळ वाटेवर वर, अशा ठरावीक उंच्या चालकाला निवडता येतात.

पोलादी पाट्याहून हवेचा स्वभाव वेगळा आहे. भार वाढला की तेवढ्याच जागेत अधिक हवा भरून उंची कायम ठेवता येते आणि स्प्रिंगचा ताठरपणा भाराच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे गाडी रिकामी असो वा भरलेली, तिची डोलण्याची लय जवळजवळ एकच राहते. हा गुण मोठाच आहे. त्याची किंमत अशी की, पाटा तुटला तर तो तुटलेलाच दिसतो, हवा मात्र कुठून गेली हे हवा सांगत नाही.

आयुर्वेदाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान (येथे अर्थ रोगाचे कारण), पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. माधवकर या जुन्या वैद्याच्या रोगनिदानावरील ग्रंथामुळे ती वैद्यांच्या पिढ्यानपिढ्या पाठ झाली, आणि १८७२ मध्ये पनवेलमध्ये सुरू झालेल्या धूतपापेश्वर औषधालयामुळे हा विचार या गावाला परका नाही. बसलेल्या गाडीचा विचार करताना ही पंचसूत्री आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी पडते. गॅरेजमध्ये सर्रास दिसणाऱ्या ‘स्कॅनर लावा आणि कोड वाचा’ या एकसूत्रीपेक्षा तरी ती बरी.

पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची चाहूल. हवेच्या सस्पेन्शनमध्ये ती कॉम्प्रेसरच्या आवाजात ऐकू येते: इंजिन सुरू केल्यावर काही क्षण घरघरणारा कॉम्प्रेसर दोन-तीन मिनिटे चालत राहू लागतो, गाडी वर यायला पूर्वीपेक्षा वेळ घेते, आणि बेलोच्या ज्या वळीवर रबर सतत दुमडते तेथे बारीक भेगांची जाळी दिसू लागते. बहुतेक मालकांना ही चाहूल जाणवत नाही, कारण गाडी अजून बसलेली नसते. रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षण, आणि येथे पहिला भेद ‘बसणे’ आणि ‘तिरके उभे राहणे’ यांतला आहे. जी गाडी संध्याकाळी समतल आणि सकाळी खाली, तिच्यातून हवा गळते. जी गाडी सकाळ-संध्याकाळ सारखीच तिरकी उभी राहते आणि आणखी खाली जात नाही, तिची हवा बहुधा शाबूत असते, फक्त एखादा उंचीमापक चुकीची उंची कळवत असतो आणि संगणक त्या खोट्या साक्षीवर विश्वास ठेवून चुकीची उंची इमानाने राखत असतो. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर फुटपट्टीने मोजून ते स्कॅनरवरील आकड्याशी ताडून पाहिले की ही खोटी साक्ष लगेच उघड होते.

थंडीनेही गाडी किंचित उतरते आणि त्यावरून फुकटचा खर्च होऊ शकतो. तळोज्यात दुपारी ३२ अंश तापमानाला समतल केलेली गाडी पहाटे २४ अंशांत असेल, तर आतील हवेचा दाब वायूच्या नियमाप्रमाणे अडीच टक्क्यांच्या आसपासच घटतो, आणि त्यामुळे उंची काही मिलिमीटरने कमी होते. चार बोटे खाली गेलेल्या गाडीचे खापर हवामानावर फोडता येत नाही, आणि तीन-चार मिलिमीटर उतरलेल्या गाडीचा बेलो बदलण्याचेही कारण नसते.

खरी अडचण पुढे येते. चारही कोपरे खाली गेलेली गाडी पाहून चारही बेलो निकामी झाले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि पी-३८ए च्या बाबतीत तो बऱ्याचदा चुकीचा असतो. ही गाडी बंद करून ठेवली तरी तिचा संगणक ठरावीक तासांनी जागा होतो, चारही उंच्या तपासतो, आणि एखादा कोपरा उतरलेला आढळला तर बाकीच्या तीन कोपऱ्यांची हवा सोडून सगळी गाडी त्या सर्वांत खालच्या कोपऱ्याच्या पातळीला आणतो. गाडी तिरकी दिसू नये, या सौजन्यापोटी केलेली ही सोय निदान करणाऱ्याच्या मुळावर येते: एका कोपऱ्याचा दोष चौघांवर वाटला जातो आणि दोषी कोण हे कळेनासे होते. येथे उपशय, म्हणजे मुद्दाम काही देऊन किंवा काढून घेऊन रोगाची परीक्षा पाहणे, कामी येते. संगणकाला असे जागे करणारा, आसनाखालचा टायमर रिले रात्रभर काढून ठेवला की संगणक जागा होत नाही, तिघे जण चौथ्याच्या पातळीला येत नाहीत, आणि सकाळी जो कोपरा उतरलेला असेल तोच गळणारा ठरतो. चारही कमानींच्या उंच्या संध्याकाळी खडूने लिहून ठेवायच्या आणि सकाळी पुन्हा मोजायच्या, याला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

तेवढ्यावरही सावधगिरी लागते, कारण चार पायांची कोणतीही वस्तू डुगडुगते. खाटेचा एक पाय आखूड असेल तर तिचा भार उरलेल्या कर्णावर जातो, आणि झोपणाऱ्याला बिघाड भलत्याच पायात वाटतो. मोटारीतही पुढचा डावा कोपरा उतरला की त्याचा परिणाम मागच्या उजव्या कोपऱ्यात उमटतो, म्हणून एकाच कोपऱ्याची उंची पाहून निर्णय देऊ नये, चारही आकडे एकत्र वाचावेत. कोपरा निश्चित झाल्यावर मात्र काम सोपे होते. पंक्चर काढणाऱ्याला शंभर वर्षे माहीत असलेले साबणाचे पाणी बेलोच्या वळीवर, नळीच्या जोडावर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवर मारायचे आणि बुडबुडे कुठे फुटतात ते पाहायचे. बुडबुडे बेलोवर आले तर बेलो, जोडावर आले तर नळीचे टोक किंवा तेथील ओ-रिंग, म्हणजे रबराचे गोल वायसर. कोठेच आले नाहीत आणि तरी कोपरा उतरतो, तर हवा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आत एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते, असे समजावे; तेथील ओ-रिंग वयाने कडक होतात. चारही कोपरे रिले काढूनही एकदम आणि भरभर खाली गेले, तर संशय हवा बाहेर सोडणाऱ्या मार्गाकडे वळतो.

पाचवे साधन संप्राप्ती, म्हणजे दोष कोणत्या वाटेने वाढत जाऊन रोगाला पोहोचला याचा माग. स्वतंत्र मिस्त्रींच्या कामात हेच सर्वांत दुर्लक्षित राहते, आणि दमट कोकणात ते सर्वांत महत्त्वाचे आहे. ड्रायरमधील शोषक दाणे एकदाच भरून संपण्यासाठी नसतात. गाडी खाली घेताना बेलोंतील कोरडी हवा याच डबीतून उलटी बाहेर पडते आणि जाताना दाण्यांतला ओलावा घेऊन जाते. बेलो गळू लागला की हवा त्या वाटेने न जाता थेट बाहेर जाते, कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा नवी, आणि पावसाळ्यात बाष्पाने भरलेली, हवा आत ओढतो, पण दाणे सुकवणारी परतीची हवा त्यांना पुरेशी मिळत नाही. ओलावा पुढे सरकतो, झडपा चिकटतात किंवा गंजतात, कॉम्प्रेसर तापून आपल्या संरक्षक स्विचमुळे बंद पडतो, आणि अखेर त्याच्या दट्ट्याचे सील झिजून तो दाबच देईनासा होतो. या टप्प्यावर गाडी आणली जाते तेव्हा संगणकातील कोड कॉम्प्रेसरकडे बोट दाखवतो. कोड खोटा नसतो. तो शेवटचा बळी सांगतो, पहिला गुन्हेगार नव्हे. नुसता कॉम्प्रेसर बदलून दिलेली गाडी म्हणूनच पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कॉम्प्रेसरसाठीच परत येते. लँड रोव्हरच्याच २००४ च्या डिस्कव्हरी-३ मध्ये तर कॉम्प्रेसर गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकाजवळ बसवलेला आहे, आणि चिखल व साचलेले पाणी त्याच्या वाट्याला आणखी लवकर येते.

याला आणखी एका अडचणीची जोड मिळते. पी-३८ए च्या संगणकाने गंभीर दोष एकदा नोंदवला, की तो दूर केल्यानंतरही नोंद आपोआप पुसली जात नाही. गाडी हवेविना, सांगाड्याखालच्या रबरी ठोकळ्यांवर टेकून राहते, ताशी ३५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरपेक्षा, जोरात जाऊ नये असा इशारा देते, आणि ती नोंद वेगळ्या संगणकाने पुसावी लागते. आरंभी ही सोय केवळ अधिकृत कार्यशाळांकडे होती. पुढे हौशी मालकांनी स्वस्त संगणक-कार्यक्रम आणि तारा तयार केल्यावर ती स्वतंत्र मिस्त्रींच्याही हाती आली. पाटेवाल्याच्या धंद्यात बिघाड दुरुस्त झाला की गाडी सुटत असे. येथे बिघाड दुरुस्त झाला हे यंत्राला पटवून देणे हेही दुरुस्तीचाच भाग झाले.

या कटकटींना कंटाळलेले मालक जो मार्ग पत्करतात तो १९५७ च्या कॅडिलॅकवाल्यांनी घालून दिलेलाच आहे: बेलो, टाकी आणि कॉम्प्रेसर काढून त्या जागी पोलादी गुंडाळ्या बसवणे. त्यात तोटा आहे. उंची बदलण्याची सोय जाते, भरलेली गाडी मागून खाली झुकते, आणि जिच्यासाठी ती गाडी घेतली ती चाल उरत नाही. तरीही जुनी गाडी रोजच्या वापरात ठेवणाऱ्याला तो सौदा गैरवाजवी म्हणता येत नाही, आणि लोखंडाच्या या मुलखात तर तो ओळखीचाही वाटतो. अडचण एवढीच राहते की संगणकाला हा बदल कळत नाही. उंचीमापकांकडून येणारे आकडे त्याच्या अपेक्षेशी जुळत नाहीत, टाकीचा दाब त्याला मिळत नाही, आणि त्याची तार तोडून किंवा खोटे संकेत देणारे छोटे मंडल जोडून त्याला गप्प केले जाईपर्यंत, पोलादी गुंडाळ्यांवर भक्कम उभी असलेली गाडी हवेच्या बिघाडाची तक्रार करत राहते.